पिशवी काढली, हाडांचे काय?

2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. दवाखान्यांवर, मुकादमांवर बोलणे झाले. या बायकांच्या हाडांवर कमीच.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर हाडे टिकवणारे इस्ट्रोजेन एकदम घटते. पस्तिशीतली बाईही हाडांनी म्हातारी होऊ लागते. म्हणून घरात जिचे ऑपरेशन झाले आहे तिचे कागद काढून वाचा. अंडाशय ठेवले की काढले, तिला बहुधा कुणी सांगितलेलेच नसते. काढले असतील तर हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा.

“दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?” असे आपल्या खाला, फुफी म्हणतात. पण बसून भाकरी थापण्याने, भांडी घासण्याने दमायला होते, पायाच्या हाडांवर भार पडत नाही. भरभर चालावे, जिना चढावा, हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठावे. पाठीचा मणका आधीच पिचला असेल तर वाकून घागर उचलू नये.

बुरख्यातून पुरेसे ऊन लागत नाही. आडोशाच्या अंगणात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे. आणि मिश्री सोडावी, तंबाखू हाडेही पोखरते.