जुनी गाडी घेताना: आधी कागद, मग बॉनेट

धानाचे चुकारे हाती आले की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा भागातल्या कितीतरी घरांत चारचाकीचा विषय निघतो. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे असते, लग्नसराई तोंडावर असते आणि एसटीच्या वेळा जुळत नाहीत. हाताशी दीड-दोन लाख असतात. त्यात येते ती दहा-बारा वर्षे जुनी वॅगनआर, अल्टो, नाहीतर जरा जास्त ओढाताण केली तर बोलेरो. डीलरच्या हाताखालून रोज गाड्या जातात, आपण मात्र आयुष्यात दोन-चारच घेतो. हा फरक भरून काढायचा तर घाई सोडून ठरलेल्या क्रमाने जावे लागते. बहुतेक लोक ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेतात आणि थेट बॉनेट उघडतात. माझे ठाम मत आहे की कागद आधी पाहावेत. खराब इंजिन पैसे टाकून दुरुस्त होते, पण बिघडलेला कागद कधी कधी कितीही पैसे टाकले तरी सरळ होत नाही.

गाडी आवडली की तिचा नंबर घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. गाडी कितव्या मालकाकडे आहे, नोंदणी कधीची, ती कधीपर्यंत वैध, विमा कधी संपतो आणि कर्जाचा बोजा कोणाचा, हे तिथे दिसते. ‘सिंगल ओनर’ म्हणून दाखवलेली गाडी तिथे तिसऱ्या मालकाची निघाली, तर पुढे बोलायची गरज नाही. एचपी, म्हणजे फायनान्सचा बोजा, अजून चढलेला असेल तर ‘कर्ज फिटले आहे’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. फायनान्स कंपनीची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आला पाहिजे. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे जास्तच जपावे. ई-चलान थकले आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या.

आता गाडीजवळ या आणि चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. आरसीवरचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने बोट ठेवून जुळवायचा. अक्षरे वाकडीतिकडी असतील, आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल, किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिसत असेल, तर ती गाडी सोडा. आरसीवर वाहनाचा वर्गही पाहा. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने आणि वीज केंद्र यांच्या ठेकेदारीत बोलेरो आणि तत्सम गाड्या वर्षानुवर्षे भाड्याने लागतात. अशी गाडी पुढे पांढऱ्या पाटीवर येऊ शकते, त्यात बेकायदेशीर काही नाही. फक्त कागदोपत्री ती खासगी झालेली हवी आणि किंमतही भाड्याने पळालेल्या गाडीची हवी.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो नावावर करण्यात. पुष्कळ ठिकाणी आजही पद्धत अशी आहे की जुन्या मालकाकडून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या. गाडी दोन-तीन हातांतून फिरते, पण सरकारदरबारी नाव पहिल्याचेच राहते आणि मधला डीलर कुठेच दिसत नाही. शेवटी घेणारा आरटीओत जातो तेव्हा कळते की सही जुळत नाही, किंवा तो जुना मालक आता हयातच नाही. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. म्हणून नाव बदलणे जितके आपल्या हिताचे, तितकेच जुन्या मालकाच्याही. त्याच्याशी एकदा फोनवर बोला. गाडी का विकली, किती पळाली, कधी ठोकली का, हे तो बहुधा सरळ सांगतो, कारण त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. डीलर जुन्या मालकाचा नंबर द्यायला तयार नसेल तर मी तिथेच थांबेन.

याच गोंधळावर उपाय म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे आणि मालकाकडून गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी भरून तशी नोंद करायची. तिथून गाडी विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो, म्हणजे त्या काळातली जबाबदारीही त्याचीच. दुकानात गेल्यावर हे अधिकारपत्र दाखवायला सांगा. विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले दोन जिल्हे राज्याच्या कडेला असल्यामुळे तेलंगणा आणि छत्तीसगड पासिंगच्या गाड्याही समोर येतात. काही त्याहून लांबच्या असतात. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतेच, शिवाय महाराष्ट्राचा कर भरून एमएच ३४ किंवा एमएच ३३ चा नंबर घ्यावा लागतो. तो कर किती, हे आरटीओत आधी विचारून किमतीत मिळवा. मग स्वस्त गाडी खरोखर स्वस्त आहे का, ते कळेल. आपल्याच पासिंगची गाडी असली तरी नोंदणीची मुदत मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेराव्या-चौदाव्या वर्षात घेतलेली गाडी लवकरच पुन्हा पासिंगला न्यावी लागेल. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर आणि पासिंगसाठी करावी लागणारी डागडुजी त्यात धरलेली नाही.

कागद जमले, आता गाडी. ती कुठे राहिली आणि कोणत्या रस्त्यांवर पळाली, हे इथे मॉडेलपेक्षा महत्त्वाचे. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर वैनगंगेचे पाणी ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात शिरले, जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्या इरईच्या पाण्यात होत्या, आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागड पावसाळ्यात पुन्हा पुन्हा तुटते. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून छान दिसते, पण तिच्या वायरिंगमध्ये गंज आत आत चढत राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि रिळाजवळचा शेवटचा हातभर पट्टा मातकट असेल, तर पाणी तिथपर्यंत आले होते. स्टेपनी काढून तिच्या खालच्या खोबणीत बोट फिरवा, सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा, पायाखालचे कार्पेट उचलून वास घ्या. नव्या सीटकव्हरांच्या आणि सुगंधी बाटलीच्या मागे तो ओलसर वास लपत नाही.

घुग्घुस, राजुरा, माजरी भागात किंवा आलापल्ली-आष्टीच्या लोहखनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर पळालेल्या गाडीचे दुखणे खाली असते. एअर फिल्टर उघडून काळी भुकटी बसली आहे का पाहा. पुढचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. हलत राहिली तर शॉकअप गेले. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि स्टीअरिंग रॅक तपासायला गाडी मिस्त्रीकडे रॅम्पवर घ्याच. जंगलातल्या रस्त्यांवर रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी येते, म्हणून रेडिएटर धरून ठेवणारी पुढची पट्टीही बघा. तिचे बोल्ट पान्याने खरवडलेले असतील, तर समोरून मार बसलेला आहे. काचांच्या कोपऱ्यात छापलेली खूणही कामाची: सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली, ते विचारा.

मीटर मागे करणे अवघड काम राहिलेले नाही, म्हणून आकड्यावर विसंबू नका. पेडलचे रबर, स्टीअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि ड्रायव्हर सीटची दबलेली बाजू यांच्याशी तो आकडा जुळतो का पाहा. टायरवर चार अंकी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, हे गणित बसत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे. ‘सकाळी येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे सांगून जा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून ते गार आहे याची खात्री करा. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटचा संशय धरा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करा. तिथून जोरात वाफा आल्या तर रिंगा झिजल्या आहेत. ऑइलच्या झाकणाला आतून दुधी चिकटा नको. मग डीलरने दाखवलेल्या गुळगुळीत रस्त्याऐवजी खड्ड्यांच्या रस्त्यावर स्वतः चालवा, चढावर क्लच घसरतो का पाहा. गावाकडचा विचारही हवा: शेवरले कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे बंद केले. तशी गाडी कमी पैशांत मिळते, पण तिचा पार्ट अहेरीत किंवा सिरोंच्यात मिळेल का, हे आपल्या मिस्त्रीला आधी विचारा.

भाव ठरताना ‘जीएसटी वेगळा’ म्हणून पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर थांबा. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे हे खरे, पण नोंदणीकृत डीलरला तो आपल्या नफ्याच्या फरकावर भरायचा असतो. दीड लाखाला घेतलेली गाडी एक लाख ऐंशी हजारांना विकली तर कर ३० हजारांवर, म्हणजे ५,४०० रुपये.

बयाणा थोडाच द्या आणि पावतीवर गाडी नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत आणि ‘नाव न झाल्यास रक्कम परत’ हे लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या. काही रक्कम नाव होईपर्यंत रोखून ठेवण्याची अट आधीच घाला. बोलणे पक्के झाल्यावर ती कोणी मान्य करत नाही. ताबा घेताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, म्हणजे त्याआधीची चलाने आणि अपघात आपल्या गळ्यात येणार नाहीत. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या नावाच्या पॉलिसीवर टिकत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याच्याबरोबरच जातो, म्हणून हप्ता थोडा वाढेल हे धरून चाला. लिहून दिलेले डीलरने पाळले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे ती पावतीच उपयोगी पडते.