दगड, वीट आणि सांधा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. यांतील बहुतेकांचे प्राण त्यांच्याच घरांच्या भिंतींनी आणि माळवदांनी घेतले. त्या भिंती काळ्या दगडाच्या होत्या आणि दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही जाड होत्या. दगडी आणि जाड भिंत म्हणजे पक्की भिंत, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्या पहाटे कोसळली.

दोष दगडाचा नव्हता. दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, हा बांधकामाच्या उत्तम दगडांपैकी एक होय. तो घट्ट, जड आणि टिकाऊ असून पाणी फारच थोडे शोषतो. परंतु तो घडविण्यास कठीण असल्याने पाथरवट त्याचा केवळ दर्शनी चेहरा घडवितो व मागचा भाग ओबडधोबड ठेवतो. परिणामी भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन स्वतंत्र रांगा उभ्या राहतात आणि मधली पोकळी कपच्या व चिखल यांनी भरली जाते. वरून एकसंध दिसणारी ही भिंत वस्तुतः शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन भिंती असतात. हादरा बसला, किंवा अनेक पावसाळ्यांत आतली माती भिजून फुगली, की त्या एकमेकींपासून सुटतात. भिंतीला ‘पोट आले’ असे गवंडी म्हणतो ते हेच.

त्यातच माळवदाचा भार. दहा फूट लांब व तेवढ्याच रुंद खोलीवर दीड फूट जाडीचा मातीचा थर असला, तर केवळ त्या मातीचे वजन सहा टनांहून अधिक भरते. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात हे खरे. पण एवढा भार पेलणाऱ्या भिंतीत चिखलाशिवाय दुसरे बंधन नसावे, हे धोक्याचे होते.

यावरील उपाय जुन्या जाणत्या गवंड्यांना ठाऊक होता: भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारा लांब दगड. बांधकामावर त्याला ‘हेडर’ म्हणतात. भारतीय मानकानुसार भूकंपप्रवण भागात दगडी भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरहून अधिक नसावी, आणि उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असा दगड असावा. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी येथे एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी. मोजमाप वहीत भिंतीची लांबी, रुंदी व उंची नोंदली जाते. आरपार दगड त्यात दिसत नाही आणि गिलावा झाल्यावर तर कोणालाच दिसत नाही. म्हणून शाळाखोलीचे वा समाजमंदिराचे काम गिलाव्यापूर्वीच पाहून घ्यावे आणि अशा दगडांवर दोन्ही बाजूंनी रंगाची खूण करून घ्यावी.

कोकणात व गोव्यात परिस्थिती वेगळी. तेथील जांभा दगड खाणीत ओलसर व मऊ असतो. चिरा सहज कापता येतो आणि वारा-ऊन लागल्यावर तो कठीण होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने या दगडाला जे ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आणि ते समर्पकही आहे. चिरे एकसारख्या मापाचे असल्याने थर सरळ बसतात व सांधमोड नीट साधते. मात्र खाणीतून काढलेला चिरा लगेच भिंतीत घालणे बरे नव्हे. त्याला काही काळ उघड्यावर ठेवावे आणि पिवळट, मातकट चिरे बाजूला काढावेत.

विटेची पारख तर कोणालाही करता येते. चांगली वीट सर्वत्र सारख्या तांबूस रंगाची व सरळ कडांची असते. दोन विटा एकमेकींवर वाजविल्या असता खणखणीत आवाज येतो; तिच्यावर नखाने ओरखडा उठत नाही. वीट चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर तिचे वजन मूळच्या एक पंचमांशाहून अधिक वाढू नये, असे सर्वसाधारण विटांसाठी मानक सांगते. गावात तराजू असतोच. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा. निव्वळ काळ्या मातीची वीट वाळताना तडकते, म्हणून वीटभट्ट्या नदीकाठच्या गाळाच्या आश्रयाने उभ्या राहतात. मातीत चुनखडीचे खडे राहिले तर ते भट्टीत भाजून निघतात आणि पुढे पाणी लागताच फुगून वीट फोडतात. क्षार अधिक असल्यास भिंतीला लोणा लागतो. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटा मापाला अचूक असतात व त्यांत शेतीची सुपीक माती खर्ची पडत नाही; मात्र त्यांना पाणी पुरेसे मारलेले असावे.

सांध्यातील मालाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चुना हळूहळू, हवेतील वायू शोषून घट्ट होतो आणि थोडीफार हालचाल सोसतो; जुन्या वाड्यांच्या डागडुजीत त्यावर कडक सिमेंट थापणे हितावह नाही. सिमेंटचा माल मात्र वाट पाहत नाही. सकाळी कालवलेला माल दुपारी पुन्हा पाणी घालून वापरला, तर त्यातील ताकद गेलेली असते. भाजलेल्या मातीच्या विटाही कोरड्या लावल्या तर त्या मालातील पाणी ओढून घेतात आणि सांधा भुसभुशीत राहतो. विटा आधी भिजवाव्यात, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू हे प्रमाण घमेल्याच्या अंदाजाने नव्हे तर मापाने घ्यावे आणि बांधकामावर किमान सात दिवस पाणी मारावे.

चिखलात बांधलेल्या जुन्या दगडी भिंती आजही हजारो गावांत उभ्या आहेत. त्या साऱ्या पाडणे शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. भिंतीतून एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरायचे आणि माळवदावरील मातीचा थर कमी करायचा, ही पद्धत १९९३ नंतर मराठवाड्यात घरांच्या मजबुतीसाठी अवलंबिली गेली. तांत्रिक मार्गदर्शन मिळाल्यास गावचा गवंडी हे काम करू शकतो आणि त्यासाठी कुटुंबाला घर सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागतेच असे नाही.