बोटीची पाठ

मराठीच्या प्राध्यापकाने बोटीच्या इंजिनावर लिहावे, हे कुणालाही चमत्कारिक वाटेल. वर्गात मी विभक्तिप्रत्यय शिकवतो आणि घरी पंखा बिघडला तर शेजाऱ्याला हाक मारतो. पण यंदाच्या पावसाळ्यातले बहुतेक रविवार मी हर्णैजवळच्या एका माडाच्या बागेत, ताडपत्रीच्या मांडवाखाली, अंगाला काचेचे तंतू टोचवून घेत काढले. आणि त्याला कारण माझे मीच होतो.

माझा भाचा हर्णैला पर्यटकांना बोटीतून सुवर्णदुर्ग दाखवतो. भावोजी गेल्यापासून ताईचे घर या फेऱ्यांवरच चालते. तीन वर्षांपूर्वी त्याने मुंबईकडून एक जुनी, २२ फुटी फायबरची बोट घ्यायचे ठरवले. मी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून निम्मे पैसे दिले आणि त्याबरोबर एक सल्ला फुकट दिला : "रंग झकास आहे रे, घेऊन टाक." साहित्याच्या माणसाने रंगावरून वस्तू पारखावी, यात नवल ते काय!

गेल्या मे महिन्यात बोटीच्या पोटात पाणी साचू लागले. जोर दिला की मागच्या भिंतीवरची इंजिनाची धातूची ढाल चक्क बोटभर हलू लागली. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी खिशातून नाणे काढून बोटीच्या मागच्या फळीवर ठोकायला सुरुवात केली. कडेला 'टण् टण्' वाजत होते; मधोमध आल्यावर नुसते 'थप थप'.

"मास्तर, ऐकलंत ना? आत काही नाही."

आतल्या बाजूने बारीक भोक पाडले, तर गिरमिटाबरोबर तपकिरी, ओला चोथा बाहेर आला. माझ्या निम्म्या पैशांचा चोथा!

या मागच्या फळीला इंग्रजीत 'ट्रान्सम' म्हणतात. मी हौसेने 'पश्चफलक' असा शब्द करून पाहिला. मिस्त्री म्हणाले, "नको मास्तर, असला जड शब्द लावला तर बोट मागूनच बुडेल." ते तिला नुसती 'पाठ' म्हणत. पुढे मीही तेच म्हणू लागलो.

आता ही पाठ का कुजली ते सांगायला हवे. फायबरच्या बोटीचे अंग म्हणजे राळेत भिजवून घट्ट केलेले काचेचे कापड. पण पाठीला इंजिनाचा जोर सोसायचा असतो, म्हणून त्या कापडाच्या दोन कातड्यांमध्ये जाड प्लायवूड भरतात. कातडे पाण्याला दाद देत नाही, लाकूड देते. कुणीतरी कधीतरी शिडी बसवताना चार भोके पाडून त्यांत मसाला न भरताच स्क्रू पिळले असणार. तेवढी वाट पुरते. आणि गंमत अशी की, लाकूड कुजवण्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक वाईट. मीठ बुरशीला आवरते. पाऊस तिला पोसतो. आणि आमच्या कोकणात पावसाला काय तोटा?

त्यातून आमच्या बोटीचे इंजिन होते पोटात आणि पंखा होता बाहेर. या दोहोंना जोडणारा पाय पाठीला मोठे भगदाड पाडून बाहेर काढलेला. ही युक्ती काही वाईट नव्हे. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने जिम विन या अमेरिकन इंजिनिअराच्या कल्पनेवरून अशी यंत्रणा बाजारात आणली आणि ती जगभर चालली. पण तिचा सगळा भरवसा भगदाडातल्या रबरी भात्यांवर. भाता फाटला की समुद्र आत. शिवाय बोट बारमाही खाऱ्या पाण्यात उभी. ॲल्युमिनियमचा पाय गंजापायी झिजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे वेळेवर न बदलल्याने पायच झिजलेला. सुटे भाग हर्णैला मिळायचे नाहीत. आणि मला सर्वांत भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती पोटात खाली साचते. ती उपसणारा पंखा न लावता चावी फिरवली, तर एक ठिणगी पुरे. अशा पेटाऱ्यावर बसून पोरेबाळे किल्ला पाहायला जात होती.

तेव्हा पोटातले इंजिन काढून पाठीवर बाहेरून टांगायचे आऊटबोर्ड इंजिन लावायचे ठरले. जुने सामान ४०० किलोच्या घरातले. नवे त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय किनाऱ्याला आल्यावर सबंध पाय पाण्याबाहेर उचलता येतो.

बंदरावरच्या एका जाणत्या गृहस्थाने स्वस्तातली तोड सुचवली : "भगदाडावर पत्रा मारा, भोकांतून राळ ओता, रंग द्या. गणपतीपूर्वी धंदा सुरू." खर्च निम्मा. भाच्याने माझ्याकडे पाहिले. बँकेचे हप्ते थांबणार नव्हते, माझेही नव्हते. खरे सांगतो, मीही क्षणभर विरघळलो. मिस्त्री काही बोलले नाहीत. नाणे खिशात टाकून ते चपला शोधू लागले. तेव्हा भाचाच म्हणाला, "मामा, मागच्या बाकावर लोक बसतात."

मिस्त्रींनी चपला सोडल्या.

बाहेरचे कातडे तसेच ठेवून आतले कापून काढले, म्हणजे पाठीचा आकार बिघडत नाही. कुजके लाकूड छिन्नीने काढायला घेतले. पुढे पुढे ते भिजलेल्या पावासारखे हातानेच निघाले. तीन घमेली भरली. भगदाडाची कड घासून तिला उतार दिला. हा उतार कातड्याच्या जाडीच्या बारापट हवा. आमचे कातडे ८ मि.मी., म्हणजे चारही बाजूंनी जवळजवळ ४ इंच घासायचे! एवढे कशाला, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, "ठिगळ कडेला चिकटत नाही मास्तर, उतारावर चिकटतं."

मग पाऊस कोसळू लागला आणि काम अडले. ओल्या लाकडावर राळ धरत नाही. मरिन प्लायवूड ताईच्या माजघरात चुलीच्या उबेला उभे करून ठेवले होते. श्रावणात उघडीप मिळेल तेवढे काम व्हायचे. राळेला घट्ट करणारे औषध मोजण्याचे काम माझ्याकडे होते : एका किलोला १० ते १५ मिलिलिटर. गप्पांच्या नादात मी दोनदा ओतले. पाहता पाहता डबा तापला, धूर निघाला. मिस्त्रींनी तो उचलून बाहेर वाळूत भिरकावला. नंतर त्यांनी मला शांतपणे सांगितले की, हेच औषध आणि कोबाल्टचे दुसरे औषध राळेवाचून एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो. म्हणून दोन्ही बाटल्या मांडवाच्या दोन टोकांना असतात. त्यानंतर माझ्याकडे फक्त ब्रश धुण्याचे काम आले.

नारळी पौर्णिमेला सारे बंदर सजले. आमची बोट ओंडक्यांवर. ताईने आपला नारळ देवाजवळ ठेवून दिला. म्हणाली, "ती पाण्यात जाईल तेव्हा देऊ."

१८ मि.मी.च्या तीन पाट्या, मध्ये घट्ट राळ, कुठेही पोकळी नाही. त्यावर आतून काचेचे थर, तेही बाजूंवर आणि तळावर वीतभर चढवलेले. तळाच्या लांब तुळ्यांपासून पाठीपर्यंत दोन मजबूत तिकोणी आधार. इंजिनाच्या बोल्टांची भोके आधी मोठी पाडून राळेने भरली आणि मग त्या राळेत पुन्हा लहान भोके पाडली, म्हणजे लाकडाला पाणी दिसायलाच नको. पाठीची उंची २५ इंच धरून वरची कड कापली. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे नेली, कारण आता वजन पाठीच्याही मागे लटकणार होते.

नवरात्रात बोट पाण्यात उतरली. नव्या इंजिनाचा नंबर कागदांवर चढवून तपासणी व्हायची होती. तोवर प्रवासी नाहीत. आम्ही तिघेच. सरळ रेषेत छान पळाली, पण वळणावर इंजिन एकदम किंचाळले आणि वेग पडला. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री मात्र हसले. "पंखा हवा खातोय. एक भोक खाली घ्या." किनाऱ्याला येऊन इंजिन पाऊण इंच खाली बसवले आणि पुन्हा निघालो. या खेपेला सुवर्णदुर्गाच्या तटाला वळसा घालताना आवाज बदलला नाही. मी मागे वाकून पोटात हात घातला, अगदी पाठीच्या मुळापर्यंत. हाताला धूळ लागली.

परत आलो तेव्हा ताई नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. "एवढा वेळ?" तिने विचारले. मिस्त्री बोटीतून उतरले, पाठीवर नाणे ठोकत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले, आणि म्हणाले, "द्या आता, ताई."