केळीच्या वखारीतला वारा

आजोबांच्या काळात आमच्या धुळ्याच्या वखारीला खिडकी नव्हती. मुद्दामच ठेवली नव्हती. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तापीकाठच्या पट्ट्यातून बसराई केळीचे घड यायचे. संध्याकाळी ते भिंतीला धरून रचायचे, वर केळीची पत्ती अंथरायची, कोपऱ्यात गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवलेलं मडकं ठेवायचं आणि दाराच्या फटी मातीने लिंपून घ्यायच्या. याला भट्टी लावणं म्हणत. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की डोळे चुरचुरणारा धूर अंगावर यायचा आणि आजोबा ढिगाच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालायचे. माल कसा आहे ते बोटांना कळायचं. पोटातला घड तापलेला असेल तर तो आधी विकायला काढायचा, कडेचा मागे ठेवायचा. एकाच भट्टीतला माल तीन दिवस वेगवेगळा निघायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

धुराने केळी का पिकते याचं उत्तर दूर कॅलिफोर्नियात सापडलं होतं. तिथले बागायतदार लिंबांना पिवळा रंग यावा म्हणून बंद खोलीत रॉकेलचे स्टोव्ह लावत. ही करामत उष्णतेची नसून धुरातल्या इथिलीन वायूची आहे, हे फ्रँक डेनी यांनी १९२४ साली दाखवलं. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं फळ स्वतःच हा वायू सोडतं. म्हणजे पत्तीखाली झाकलेला ढीग स्वतःच स्वतःला पिकवत होता. धूर फक्त सुरुवात करून द्यायचा.

पण पिकायला लागलेली केळी नुसता वायू सोडत नाही. ती जोरात श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तापते. या तापण्याकडे आम्ही फार वर्षं लक्ष दिलं नाही. बाहेर ४४-४५ अंश, आत लिंपलेली खोली आणि ढिगाच्या पोटात त्याहून वेगळी धग. कॅव्हेंडिश गटातल्या केळीचं, आणि आपली बसराई त्याच गटातली, एक वैशिष्ट्य आहे: साधारण २४ अंशांच्या वर गेली की आतला गर पिकतो, पण सालीतला हिरवा रंग नीट जात नाही. म्हणून उन्हाळ्यात माल हिरवा दिसायचा आणि सोलला की आत नुसता लगदा. हातगाडीवाला तो घ्यायचा नाही, घेतला तर संध्याकाळी परत आणायचा. लहानपणी उकिरड्यावर पाहिलेले हिरव्या केळीचे ते ढीग मला अजून दिसतात. शेतकऱ्याने जवळपास वर्षभर पाणी दिलेला माल शेवटच्या दोन दिवसांत आमच्याकडे मरत होता.

मधल्या काळात कार्बाइडच्या पुड्या आल्या. आमच्याही वखारीत आल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि साल झटपट पिवळी होते. त्या भुकटीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, म्हणून फळं पिकवायला तिचा वापर कायद्याने बंद आहे. पुड्या ठेवणाऱ्या हमालांच्या हातांची आग व्हायची. वडिलांनी त्या बंद केल्या तेव्हा धंदा वर्षभर बसला.

१९९०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि केळीचं रूपच पालटलं. सारख्या उंचीची झाडं, जवळपास एकाच वेळी कापणी, मोठ्या सरळ फण्या. असा एकसारखा माल आमच्या जुन्या खोलीत घातला की तिथला विषमपणा उघडा पडायचा. आता दोष घडावर ढकलता येत नव्हता.

खरा धडा मी शिकलो तो एका जुन्या फ्रिजकडून. २००६ च्या सुमाराला घरात एक दारवाला, १६५ लिटरचा फ्रिज पडून होता. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट केळीच्या कामाचा नाही, कारण साधारण १३ अंशांच्या खाली केळीला थंडी बाधते, साल राखाडी पडते आणि मग ती कधीच नीट पिवळी होत नाही. म्हणून बाहेरून तापमान-नियंत्रक लावला, १७ अंशांवर. आत चार फण्या. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर बर्फाच्या कप्प्याखालची फणी काळपट, दाराजवळची मऊ आणि नियंत्रकावर आकडा मात्र १७. आकडा खोटा नव्हता. तो फक्त सेन्सर जिथे लोंबकळत होता तिथल्या हवेचा होता.

मग संगणकाच्या डब्यातला १२ व्होल्टचा छोटा पंखा आत बसवला. पहिल्यांदा तो चुकीचा लावला: झोत थेट सेन्सरवर, त्यामुळे कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी सुरू-बंद, आणि झोतासमोरची फणी सुकून सुरकुतली. मग काचेचे कप्पे काढून जाळ्या टाकल्या, फण्या मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढल्या, पंखा खाली नेऊन वारा भिंतीच्या कडेने वर जाईल असा वळवला आणि सेन्सरची सळई एका केळात, थेट गरात खुपसली. चारही फण्या एका दिवशी पिवळ्या झाल्या. आईने त्या शेजारी वाटल्या.

नंतर कळलं की घरी बिअर आंबवणारे परदेशी लोक जुन्या फ्रिजमध्ये हेच करतात. छोटा पंखा लावतात आणि सेन्सर हवेत न ठेवता भांड्याच्या अंगाला चिकटवतात, कारण यीस्ट कामाला लागलं की भांडं आतून तापतं. आंबणं असो वा पिकणं, आत काहीतरी जिवंत आहे आणि त्याचा ताप बाहेर न्यायचा आहे.

दोन वर्षांनी दहा टनांची शीतखोली बांधली. बांधणाऱ्याने छताला कूलर टांगला, भिंतींना जाड पफ पॅनल लावलं, आणि वारा कुठून कुठे जाईल याचा विचार कुणीच केला नाही, मीही नाही. क्रेट छतापर्यंत, भिंतीला चिकटून. वरच्या आणि मधल्या क्रेटमध्ये चार अंशांचा फरक. आमचा जुना हमाल आत गेला, क्रेटमध्ये हात घातला आणि म्हणाला, "माल घाम काढी राह्यना भो." आजोबांसारखंच, हाताने ओळखलं त्याने.

त्या रात्री, पिकवण्यासाठी इथिलीन सोडण्याआधी, भरलेल्या खोलीत मी उदबत्ती घेऊन फिरलो. कूलरपाशी धूर सरळ छताला लागून पळत होता, समोरच्या भिंतीवर आपटून मोकळ्या बोळातून परत येत होता. क्रेटच्या भोकांपाशी उदबत्ती धरली तर धूर उभा राहिला, हललाच नाही. एवढा गारवा विकत घेतला होता आणि तो केळीला शिवतही नव्हता. वारा सोपी वाट सोडत नाही. म्हणून सोपी वाट बंद करावी लागते.

उपाय ताडपत्रीचा निघाला. क्रेटच्या दोन रांगा, मध्ये बोळ. बोळावर आणि त्याच्या एका टोकाला ताडपत्री ताणायची, दुसऱ्या टोकाला पंखा लावून बोळातली हवा ओढून घ्यायची. आता बाहेरच्या हवेला आत यायचं तर क्रेटच्या भोकांतूनच यावं लागतं, प्रत्येक फणीला घासून. क्रेट फिरवून भोकाला भोक जुळवलं. फरक एका अंशाच्या आत आला. एवढा वारा फळ सुकवतो, म्हणून ओलावा ९० टक्क्यांच्या वर ठेवायचा. तेव्हा ओली गोणपाटं टांगत होतो, आता धुकं करणारं यंत्र आहे. आणि २४ तास इथिलीन दिल्यावर दार वीस मिनिटं उघडायचं, कारण कार्बन डायऑक्साइड एक टक्क्यावर गेला की पिकणं रेंगाळतं.

ती वर्षं भारनियमनाची होती. वीज गेली की आधी जनरेटरवर कॉम्प्रेसर चालवायचो. अनुभवाने क्रम उलटा केला: आधी पंखे, मग कॉम्प्रेसर. भिंती गार असतात, तासभर त्या तगतात; पण वारा थांबला की क्रेटच्या पोटातली धग लगेच चढायला लागते.

२०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी इथिलीन वायूने फळं पिकवायला, दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट परवानगी दिली. २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. समुद्रमार्गे जाणाऱ्या अशा मालाच्या कंटेनरमध्ये वारा जमिनीच्या खाचांतून वर सोडतात आणि तो पेट्यांमधून वर चढतो. ते वाचलं तेव्हा मला आमचा फ्रिज आठवला.

तो फ्रिज अजून वखारीच्या कोपऱ्यात आहे. नव्या बागेचा माल आला की आधी चार फण्या त्यात जातात. खोलीत मात्र दाराच्या उजवीकडचा सगळ्यात खालचा क्रेट आजही अर्धा दिवस मागे राहतो. ताडपत्रीची कड तिथे जमिनीला नीट टेकत नाही, आणि दर वेळी दार उघडलं की ती पुन्हा सरकते. परवा वाळू भरलेली एक लांब पिशवी शिवून घेतली, कडेवर ठेवायला. उद्या चोपड्याहून गाडी येतेय.