‘डिस्चार्ज’चा स्पॅनिश पर्याय: रुग्णपत्रकाच्या अनुवादातील अर्थनिवड

एकाच शब्दाला परस्परांशी कमीअधिक नाते असलेले अनेक अर्थ असणे, म्हणजेच अनेकार्थता, हा सर्वच भाषांचा स्वभाव असला, तरी इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांचे रूप पुष्कळदा एकच असल्यामुळे ती विशेष जाणवते. आणि अशा शब्दाचे अर्थ स्पॅनिशमध्ये निरनिराळ्या शब्दांत वाटले गेलेले असले, की अनुवादकाला मुळात न केलेली निवड करावी लागते. हे काम किती बारकाईचे आहे, ते अमेरिकेतील रुग्णालये घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती जी सूचनापत्रके देतात, त्यांच्या अनुवादात चांगले दिसते. घरात स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या त्या देशात चार कोटींहून अधिक आहे आणि त्यांपैकी अनेकांना इंग्रजी पत्रक वाचता येत नाही.

अशा पत्रकाच्या मथळ्यातच ‘डिस्चार्ज’ हा शब्द असतो आणि काही ओळींनंतर, जखमेतून ‘डिस्चार्ज’ येऊ लागल्यास डॉक्टरांना कळवावे, अशी सूचना असते. पहिल्या ठिकाणी स्पॅनिश शब्द ‘आल्ता’ हा आहे; दुसऱ्या ठिकाणी ‘सेक्रेसिओन’, म्हणजे स्राव, किंवा पू अभिप्रेत असेल तर ‘सुपुरासिओन’. स्त्रीरोगाच्या पत्रकात याच इंग्रजी शब्दासाठी ‘फ्लुहो’ वापरावा लागतो. रूपाने इंग्रजी शब्दाला सर्वांत जवळचा असलेला ‘देस्कार्गा’ मात्र विजेचा झटका, बंदुकीची फैर किंवा माल उतरवणे यांचा वाचक असल्याने या पत्रकात कोठेच चालत नाही, आणि नवख्या अनुवादकाचा हात नेमका त्याच्याकडेच जातो. अशा जोड्यांना, म्हणजे रूपाने सारख्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांना, अनुवादक ‘फसवे मित्र’ म्हणतात.

‘आल्ता’ निवडल्याने प्रश्न संपतो असेही नाही, कारण तो शब्दही अनेकार्थी आहे. स्पेनमध्ये एखाद्या सेवेसाठी वा संस्थेत नाव नोंदवणे यालाही ‘आल्ता’ म्हणतात, आणि आजारपणाची रजा, जिला तेथे ‘बाहा’ म्हणतात, ती संपवून कामावर रुजू होण्याची वैद्यकीय परवानगी हीसुद्धा ‘आल्ता’च असते. घरी सोडलेल्या रुग्णाने आपण कामावर जाण्याइतके बरे झालो आहोत असे समजू नये, यासाठी काळजीपूर्वक काम करणारा अनुवादक ‘आल्ता ओस्पितालारिया’, म्हणजे रुग्णालयातून मिळालेली मुक्तता, असे पूर्ण पद लिहितो. एका इंग्रजी शब्दासाठी येथे दोन शब्द खर्ची पडतात आणि ते पडावेतच.

निवडीचा पाया शब्दाच्या शेजारी असतो. ठरावीक शब्द ठरावीक शब्दांच्याच सोबतीने येतात, याला सहप्रयोग म्हणतात, आणि बहुतेक वेळा अर्थ तोच ठरवतो. ‘टाइम’ दिवसातून तीनदा या अर्थी आला तर ‘बेसेस’, रोज ठरलेल्या वेळी या अर्थी आला तर ‘ओरा’, दीर्घकाळ या अर्थी आला तर ‘तिएम्पो’ हे वाक्यच सांगते. ‘ड्रग’ या शब्दाची गोष्ट अधिक नाजूक आहे. रुग्ण कोणती औषधे घेतो असे विचारताना ‘मेदिकामेन्तो’ हवा आणि अमली पदार्थांविषयी विचारताना ‘द्रोगा’. पहिल्या प्रश्नात दुसरा शब्द पडला, तर रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. ‘सिव्हिअर’साठी सहज सुचणारा ‘सेवेरो’ हा स्पॅनिशमध्ये परंपरेने कठोर माणसाचे वा शिक्षेचे विशेषण आहे. आजार ‘ग्रावे’ असतो, वेदना ‘इन्तेन्सो’ असते. फेर्नांदो नावार्रो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला वैद्यकीय शंकांचा इंग्रजी-स्पॅनिश कोश अशाच शब्दांचा आहे, आणि केवळ प्रतिशब्द न देता त्यांच्या योग्यायोग्यतेची चर्चा करतो म्हणून तो या क्षेत्रात मोलाचा ठरला.

ही निवड संगणकावर सोपवली तर काय होते, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषधांच्या दुकानांच्या पाहणीत दिसले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तपासलेल्या ७६ स्पॅनिश लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या. दिवसातून एकदा या अर्थाचे इंग्रजी शब्द काही ठिकाणी तसेच राहिले होते, आणि त्यांतील ‘एकदा’चा इंग्रजी शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द ‘ओन्से’ असा उच्चारतात व त्याचा अर्थ अकरा असा होतो. गोळ्यांच्या बाटलीवर याहून भयंकर योगायोग कल्पिणे कठीण आहे.

वाचक कोणत्या देशातला, हाही निवडीचाच भाग आहे. घेणे, धरणे या अर्थी स्पेनमध्ये दिवसभर वापरला जाणारा ‘कोहेर’ मेक्सिको आणि अर्जेंटिना येथे अश्लील मानला जातो; म्हणून औषध ‘घ्या’ असे सांगताना सर्वत्र चालणारा ‘तोमार’ योजतात. ‘द्रोगेरिया’ ही कोलंबियात औषधांचे दुकान असते, तर स्पेनमध्ये तेथे साबण आणि रंग मिळतात.

मराठी माणूस स्पॅनिशकडे बहुधा इंग्रजीच्या मार्गाने जातो, आणि ‘डिस्चार्ज मिळाला’ हे त्याच्या घरातलेच वाक्य असल्याने त्या शब्दाचा रुग्णालयाशी जोडलेला अर्थ त्याच्या कानात आधीच पक्का बसलेला असतो. जखमेसाठी मात्र तो ‘स्राव’ किंवा ‘पू’च म्हणतो, म्हणजे स्पॅनिशला हवा असलेला भेद त्याच्या भाषेत तयार आहे. इंग्रजी शब्दासमोर थेट स्पॅनिश शब्द शोधण्यापूर्वी त्याने तो अर्थ एकदा मराठीत उच्चारून पाहावा, आणि निवडलेला शब्द स्पॅनिश-स्पॅनिश कोशात तपासल्याशिवाय कागदावर ठेवू नये. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीचा कोश इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुला आहे.