बिघाड यंत्राचा, नोंद माणसाची

कारखान्यांत ‘ब्रेकडाऊन रजिस्टर’ ही जुनी व्यवस्था आहे. यंत्र किती वाजता बंद पडले, कोणता भाग निकामी झाला, दुरुस्तीस किती वेळ लागला, हे त्यात लिहिले जाते. ही वही नसेल तर तोच बिघाड पुनःपुन्हा होईल आणि त्याचे कारण कोणालाच उमजणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीत हे कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

संगणकावरील किंवा मोबाईलवरील सॉफ्टवेअर अचानक बंद पडले म्हणजे अशीच एक नोंद तयार होते. तिला ‘क्रॅश लॉग’ म्हणतात. ती बहुधा उत्पादक कंपनीकडे परस्पर रवाना होते. परंतु दोन्ही नोंदींत एक मूलभूत फरक आहे. रजिस्टरमध्ये काय लिहावे हे माणूस ठरवितो. त्यामुळे तेथे यंत्राचीच हकीकत येते. क्रॅश लॉग आपोआप लिहिला जातो. बंद पडण्याच्या क्षणी सॉफ्टवेअरच्या हाताशी जे होते, त्यांपैकी पुष्कळसे त्यात उतरू शकते : वापरणाऱ्याचे नाव, मोबाईल क्रमांक, ठावठिकाणा, प्रसंगी पासवर्डसुद्धा. चोरीचा पंचनामा करताना घरातील खासगी पत्रांचीही नक्कल करून न्यावी, तसा हा प्रकार होय.

ही भीती काल्पनिक नाही. ज्या फोक्सवॅगन कंपनीच्या मोटारी २००९ पासून चाकणला तयार होत आहेत, तिचेच उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२४ मध्ये ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने आणि ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या संस्थेने उघड केले की, या उद्योगसमूहाच्या सुमारे ८ लाख विद्युत मोटारींची माहिती इंटरनेटवर असुरक्षित पडून होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ६० हजार मोटारी कोठे उभ्या होत्या हेही कळत होते; काहींच्या बाबतीत तर अवघ्या १० सेंटिमीटरपर्यंत अचूक. चूक घडली ती ‘कॅरियाड’ या सॉफ्टवेअर उपकंपनीत. बिघाड शोधण्यासाठी संगणकाच्या स्मृतीची जी संपूर्ण प्रत काढतात, तशी एक प्रत बाहेरून कोणासही मिळविता येत होती आणि माहितीच्या कोठाराची किल्ली तीतच होती. सूचना मिळताच कंपनीने ही वाट बंद केली. परंतु दुरुस्तीचे साधनच घरफोडीचे साधन कसे ठरू शकते, हे त्यातून दिसले. या मोटारी प्रामुख्याने युरोपातील होत्या हे खरे. तथापि विद्युत मोटारी आता चाकणमध्येही तयार होत आहेत; तेव्हा हा प्रश्न परक्याचा मानून चालणार नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता यात नवीन काही नाही. इंद्रायणीत सांडपाणी सोडणाऱ्याच्या हिशेबवहीत आळंदीच्या घाटावरील फेसाचा खर्च कधीच दिसत नाही. तो नदीकाठचे लोक सोसतात. तद्वत, माहिती साठविण्याचा लाभ कंपनीला होतो आणि ती फुटल्याचा भुर्दंड ग्राहकाला पडतो. ज्याला खर्च सोसावा लागत नाही, तो काटकसर कशासाठी करील?

येथे कायद्याने हस्तक्षेप करावयाचा असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरील प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हाव्यात अशी तरतूद आहे. सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा भारदस्त आहे. परंतु ही रक्कम जमा होणार ती भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ या कलमान्वये नुकसानभरपाई मागता येत असे. तेच कलम वगळण्याची तरतूद नव्या कायद्याने केली आहे. दंडाने कंपनीला धाक बसेल, पण ग्राहकाची झीज भरून निघणार नाही.

क्रॅश लॉग बंद करा, असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशान्वये संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे, आणि सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी ते योग्यही आहे. मात्र नोंद ठेवावयाचीच असेल, तर तीत काय असावे याला अधिक महत्त्व येते. नाव, क्रमांक व ठावठिकाणा नोंदीतून आधीच गाळावा; ती पाठविण्यापूर्वी ग्राहकास स्पष्ट भाषेत विचारावे; काम संपताच ती नष्ट करावी; आणि माहिती फुटलीच, तर ग्राहकास भरपाई मिळावी. यांतील पहिल्या तीन गोष्टी करण्यास कंपन्यांना कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चौथी मात्र संसदेनेच करावयाची आहे.