उतारावर वाचवलेलं डिझेल
रस्ता आणि आपण : लेखांक 6

मागच्या आठवड्यात वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल लिहिलं होतं. कॅमेऱ्याची कमान दिसली की ब्रेक आणि कमान मागे पडली की पुन्हा दाबला पाय, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज चालतं. दोन कमानींमधला सरासरी वेग काढला, तर ही हुशारी चालत नाही. आज मात्र अशा रस्त्यावर जाऊ, जिथे वेग मोजून कळतं ते फार उशिरा कळतं. कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. साताऱ्याकडून येणारा महामार्ग या बोगद्यातून बाहेर पडला की शहराच्या दिशेने उतरत जातो. आधी दरी पूल, मग स्वामिनारायण मंदिर, भूमकर चौक आणि नवले पूल. हा उतार घाटासारखा वाटत नाही. रस्ता रुंद, वळणं सौम्य, समोर शहराचे दिवे. वाटेतल्या खंबाटकी घाटात ड्रायव्हर सावध असतो. इथे ‘घाट संपला एकदाचा’ म्हणून सैलावतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड गाडीने इथे डझनावारी गाड्या ठोकरल्या. 13 नोव्हेंबर 2025 ला एक कंटेनर असाच सुटला, मोटार दोन अवजड गाड्यांच्या मध्ये चिरडली, आग लागली आणि आठ माणसं गेली. मधल्या तीन वर्षांत छोटे-मोठे अपघात होतच राहिले.

अशा अपघातानंतर ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द ठरलेले. ते खोटे नसतात, पण अर्धवट असतात. तीस टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरला, तर जी ऊर्जा मोकळी होते, ती साधारण आठ युनिट विजेएवढी असते. हाच ट्रक ताशी 60 किलोमीटरच्या वेगात असताना एकदा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या सातपट. काही भाग हवा आणि टायर खातात. बाकीचा कुठेतरी जिरवावाच लागतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असली, तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर आणखी. गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर आणि लायनरवर येतो.

मग काय होतं ते क्रमाने पाहा. ड्रम तापतो आणि तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो. लायनरची पकड उष्णतेने कमी होते. केबिनमध्ये जळका वास येतो. ड्रायव्हर पेडल आणखी दाबतो, गाडी ऐकत नाही. आता तो गिअर टाकायला बघतो, तर ताशी ऐंशीच्या वेगात तिसरा गिअर बसत नाही. नुसती करकर होते. इंजिनच बंद केलेलं असेल, तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. टाकीत उरलेल्या हवेवर जेवढे ब्रेक लागतील तेवढेच. आणि गंमत अशी (गंमत म्हणायची तर) की अपघातानंतर ड्रम थंड झाला की हेच ब्रेक पुन्हा लागू शकतात.

न्यूट्रल मारायचंच कशाला? डिझेलसाठी. अनेक ठिकाणी मालक फेरीमागे डिझेल मोजून देतो. जास्त लागलं तर ड्रायव्हरच्या अंगावर, उरलं तर त्याच्या खिशात. उताराला गाडी सोडून दिली की तेवढाच ॲव्हरेज सुटतो, असा सगळ्या लाइनवर पक्का समज. या समजात आता फारसा दम नाही. इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा असलेल्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जातंच. सौम्य उतारावर गिअरमधली गाडी अडखळते, मधूनच पाय द्यावा लागतो, म्हणून ड्रायव्हरचा अनुभव अगदीच खोटा नाही. पण वाचतं ते पेलाभर, आणि पणाला लागतात डझनावारी गाड्यांतली माणसं.

आता उपायांकडे येऊ. या पट्ट्यात रम्बलर आले, फलक आले, कॅमेरे आले, वेगमर्यादा खाली आणली गेली. 2025 च्या अपघातानंतर तर ती ताशी 30 किलोमीटरवर आली. माझी तक्रार उपायांच्या हेतूबद्दल नाही, जागेबद्दल आहे. गिअर काढायचा निर्णय बोगद्याच्या तोंडाशी होतो. उपाय बसतात धडक होते तिथे, काही किलोमीटर खाली. तिथे पोचलेल्या, ब्रेक गमावलेल्या ट्रकला रम्बलर काय थांबवणार? तो थांबवतो पुढच्या शहाण्या मोटारवाल्याला. 30 चा फलक पाळून हळू झालेली मोटार आणि मागून सुटलेला कंटेनर, यांच्या वेगातली तफावत उपायानेच वाढवलेली असते. नियम पाळणाराच आधी सापडतो.

पश्चिम अमेरिकेतल्या डोंगरी महामार्गांवर उतार सुरू होण्याआधी ट्रकसाठी ब्रेक तपासायच्या जागा असतात, आणि उतारात सुट्या खडीच्या चढत्या वाटा असतात. सुटलेली गाडी त्यात रुतून थांबते. खडीच्या वाटेलाही मर्यादा आहे. त्यात गाडी घालायचं ड्रायव्हरने ठरवावं लागतं, आणि रुतलेली गाडी काढायचा खर्च आठवला की तो आणखी एक वळण नशिबावर सोडतो. ब्रेक तपासणीची जागा मात्र आपल्याकडे आयती आहे. साताऱ्याकडून येणारा प्रत्येक ट्रक बोगद्याआधी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरून जातो. तिथे अवजड गाड्यांसाठी वेगळी लेन, दोन मिनिटांचा सक्तीचा थांबा, हवेच्या दाबाच्या काट्यावर एक नजर आणि ‘इथून नवलेपर्यंत खालचा गिअर’ ही सूचना, एवढं जमणं अशक्य नाही. ‘ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर’ हे जुने उस्ताद क्लीनरला शिकवत. आता कित्येक गाड्यांवर क्लीनरच नसतो, मग शिकवणार कोण आणि कुणाला?

एक गोष्ट मात्र टोलनाक्यावर सुटणारी नाही. अपघात झाला की भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 106 खाली गुन्हा नोंदला जातो आणि समोर उभा राहतो तो ड्रायव्हर. ज्या वहीत त्याच्या फेरीचं डिझेल ठरलं, ती वही कुणी मागत नाही. ती मागितली जात नाही तोवर फलकावरचा आकडा 30 असो वा 20, न्यूट्रल बोगद्याच्या तोंडाशी पडतच राहणार.

मोटारीने आणि दुचाकीने या उतारावरून जाणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं : आरशात अवजड गाडी झपाट्याने मोठी होताना दिसली, तर पुढे पळू नका, डाव्या कडेला सरका आणि तिला वाट द्या. दोन ट्रकच्या मधली जागा रिकामी दिसली तरी तीत शिरू नका.

(पुढील लेखांकात : मागच्या सीटचा पट्टा)